काढ्याला फोडणी

मंदाकिनीबाईंच्या हाताला झणका होता. रायपूरच्या चौबे कॉलनीत पाटवडीचा रस्सा करावा तर त्यांनीच. खाणारा नाक पुसत पुसत दुसरी वाटी मागायचा. पहिली वाटी मात्र नरहररावांची, त्यांच्या नवऱ्याची.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं अन् नरहररावांच्या सरकारी हापिसात कामाचा पूर आला. उपाशीपोटी चहा, जेवणाला ना वेळ ना काळ. पित्तानं असं डोकं वर काढलं की घास गिळला की छातीत आग, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. डॉक्टरनं तिखट बंद केलं. मग रोज मऊ भात अन् बिनफोडणीचं वरण. नरहरराव मुकाट गिळत अन् उठत. ज्या हातानं सारा संसार राखला तो हातच आता यांना नकोसा झाला, असं बाईंच्या मनानं घेतलं. घेतलं म्हणजे घेतलंच, वऱ्हाडातली बाई ती!

अशात चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारा भाचा विहंग सुटीवर आला. येताना मामाच्या पित्तासाठी तिकडच्या वैद्याची पुडी घेऊन आला. आत ज्येष्ठमध, कसल्याशा मुळ्या अन् संत्र्याच्या वाळक्या साली.

"अगं बाई! आमच्या वऱ्हाडात सालींचे ढीग, अन् हा चीनहून आणून राहिला!" बाई हसल्या.

"मामी, बस उबालके पिला देना," विहंग म्हणाला.

आता नुसतं उकळलेलं पाणी नवऱ्यापुढं ठेवायचं? तेही इतकं कडू? बाईंनी जिरं, लसूण अन् लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी घातली. फोडणीतल्या मिरचीला तिखट म्हणत नाहीत, हे त्यांच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

नरहररावांनी घोट घेतला, जरा थबकले, अन् पेला रिकामा केला.

"कसं वाटून राहिलं?"

"छान. उद्याही असाच कर."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. औषधाला गुण आला म्हणून त्यांनी विहंगसाठी गोल बाजारातून शर्टाचं कापडही आणलं. काढा रोज उकळू लागला, फोडणी रोज चरचरू लागली.

मग एका दुपारी त्या मागच्या दारी गेल्या, तर काढा पिऊन उठलेले नरहरराव नळाखाली तोंड धरून उभे. छाती चोळताहेत, डोळ्यांतून पाणी.

"काढ्यानं होऊन राहिलं हे?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"अन् मले छान म्हणून सांगत होते? काहून? जिवावर उठले का सोताच्या?"

नरहरराव ओशाळले. "किती दिवसांनी तुह्या हातची फोडणी पोटात जात होती, मंदा. जळलं त जळलं म्हटलं."

"आग लागो त्या फोडणीले!" बाई कडाडल्या, अन् तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या. नको झाला होता म्हणे हात!

दुसऱ्या दिवसापासून काढा नुसताच उकळला. जेवताना बाईंनी स्वतःचं ताट वाढलंच नाही. नवऱ्याच्या ताटातला मऊ भात कालवून एक घास तोंडात घातला अन् तोंड वेंगाडलं.

"बाप रे! इतकं सपक खात होते तुम्ही?"

"एकट्याले सपक लागत होतं," नरहरराव म्हणाले अन् ताट बाईंकडं सरकवलं.