जिंकल्यावर घाबरणारे सर

मॅच जिंकली की आमचे बास्केटबॉलचे सर शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवायचे आणि खालच्या आवाजात म्हणायचे, "जिंकलो. आता जपून." पोरी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असायच्या आणि हा माणूस जवळच्या कुणाला तरी दवाखान्यात दाखल करून आल्यासारखा बाकावर बसलेला. हरल्यावर मात्र ते मजेत असत. सगळ्यांना उसाचा रस पाजत, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या लावत.

असा प्रशिक्षक तुम्ही पाहिलाय का? मी नव्हता पाहिला. मी त्या कॉलेजात ग्रंथालयात होते. मुलींचा संघ बाहेर जाताना सोबत एक बाई हवी असा नियम, आणि बाकीच्या मॅडमना घरी लहान मुलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच मॅचला चेंडू आमच्या जाळीत पडला आणि मी जोरात टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे बघून वाजवत जा."

ते चाकणच्या बाजूच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर आता कंपन्यांची गोदामं उभी आहेत. कॉलेजात ते पुस्तकी भाषा बोलायचे, पण घाबरले की गावची बोली वर यायची. त्या वर्षी ती फार वेळा वर आली, कारण त्या वर्षी आमचा संघ जिंकायला लागला.

एक जिंकली, दुसरी जिंकली, मग ओळीने पाच. कँटीनवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत जो तो सरांना एकच विचारायचा, हा जोर शेवटपर्यंत टिकेल का? सर म्हणायचे, "बघू." आणि दर विजयानंतर त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. पोरी त्यांची नक्कल करायच्या. वर्गात एखादीला चांगले मार्क पडले की बाकीच्या खालच्या आवाजात म्हणायच्या, "आता जपून."

या पोरी कामगारांच्या घरातल्या. पल्लवी त्यांच्यातली सगळ्यात चपळ. तिचे वडील लातूरकडून येऊन चाकणच्या कंपनीत लागलेले, राहायला कुरुळीत. तिथून ती स्कूटीवर यायची. अंतिम सामना जवळ आला तसा तिने हट्ट धरला की समोरचा संघ पहाटेसुद्धा सराव करतो, आपणही साडेपाचला जमू. सर नाही म्हणाले. उजाडल्याशिवाय मैदानात कुणी यायचं नाही. पल्लवी चिडून ग्रंथालयात आली आणि मला म्हणाली, सर भित्रे आहेत, आपण जिंकू असं त्यांनाच वाटत नाही.

मी ते सरांना जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं. मला वाटलं, ते रागावतील, निदान हसतील. ते बराच वेळ चेंडूतली हवा दाबून बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की पूर्वी ते दुसऱ्या एका कॉलेजात होते. तिथलाही संघ असाच जिंकत चालला होता आणि त्यांनी सराव पहाटेचा केला. एक मुलगी सायकलवर यायची. एका पहाटे कंटेनरखाली गेली.

"ती त्या टायमाला रस्त्यावर का व्हती? मी बोलावली म्हणून," ते म्हणाले. "जिकाया लागलो की मला हाव सुटती, मॅडम. आन् सुटलेली मला कळत न्हाई."

तेव्हापासून ते जिंकले की मीही घाबरायला लागले.

उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामना तीन दिवसांवर. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं, पोरी दाराशी उभ्या. फक्त एक दिवस, फक्त उद्याची पहाट, असं सगळ्यांचं म्हणणं. सरांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर एकामागून एक निरोप टाकले. एकटीने येऊ नका. दिवा चालू ठेवा. हळू या, उशीर झाला तरी चालेल. पोरींनी खाली हसरे चेहरे पाठवले.

पहाटे धुकं पडलं. मी दिघीहून रिक्षाने पोचले तेव्हा सर फाटकात उभे होते. रस्त्यावर आधी नुसता दिवा दिसायचा, मग त्यामागून एक पोरगी निघायची. अकरा आल्या. पल्लवी आली नाही. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. सरांनी तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. मग बाकीच्यांना मैदानाबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद देऊन त्यांनी मोटरसायकल काढली. मी न विचारता मागे बसले.

नाशिक रस्त्यावर तिसऱ्या शिफ्टच्या बस सुटल्या होत्या. कडेने ट्रक उभे. प्रत्येक ट्रकपाशी सर गाडी हळू करायचे, खाली चाकांकडे बघायचे आणि पुढे जायचे. मोशीच्या पुढे रस्त्याच्या कडेला माणसं गोल करून उभी दिसली. मध्ये आडवं काहीतरी होतं.

सरांनी गाडी थांबवली, पण हात काही हँडलवरून सुटेनात.

"तुमी बघा," ते म्हणाले. "मला न्हाई बघवायचं."

मी चालत गेले. पन्नास पावलं असतील. तेवढ्या वेळात तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली. गर्दीत वाट काढली तर कांद्याचा टेम्पो कलंडला होता. ड्रायव्हर डोकं धरून कडेला बसलेला, त्याला काही झालं नव्हतं. माणसं कांदे गोळा करत होती. मी परत आले तेव्हा सर गाडी सोडून रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे. मला "ती नाही" असं दोनदा मोठ्याने सांगावं लागलं.

कुरुळीत पल्लवीने स्वतःच दार उघडलं. डोळ्यांत झोप, केस विस्कटलेले. गजर वाजला नव्हता. फोन उशीखाली मुका पडलेला. ती घाबरून माफी मागायला लागली. सर उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "झोप, बाळ. आज प्रॅक्टिस नाही."

आम्ही परतलो तेव्हा मैदानात अकरा जणी वाट बघत होत्या. सरांनी त्यांना ऊन वर येईपर्यंत तिथेच बसवून घेतलं आणि मग घरी पाठवलं.

अंतिम सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. शेवटचा चेंडू पल्लवीने टाकला. या वेळी सरांनी शिट्टी खिशात ठेवली आणि ते काहीच बोलले नाहीत.

सत्काराच्या दिवशी प्राचार्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सराव रोज पहाटे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, सरही वाजवत होते. त्यांच्या लक्षात आलं तसे त्यांनी हात मांडीखाली घेतले. आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. पल्लवी रडली. प्राचार्यांना वाटलं, दुसरीकडे मोठी जागा मिळाली असणार.

दोन वर्षांनी मी चाकणला एका लग्नाला गेले होते. कार्यालयाशेजारच्या शाळेच्या मैदानात ते दिसले. लहान मुलं होती, सगळी आसपासच्या गल्ल्यांतली, चालत येणारी. संघ एकही मॅच जिंकत नाही, हे त्यांनी मला खुशीत सांगितलं. मग कॉलेजच्या पोरींची चौकशी केली. अजून जिंकतायत, मी म्हटलं. त्यांना बरं वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती वाजता बोलावत्यात?"

त्याच सकाळी मी कॉलेजच्या फळ्यावरची सूचना वाचली होती. पहाटे साडेपाच.

"उजाडल्यावर," मी म्हणाले.

"बरं हाय," सर म्हणाले. एका चिमुरडीच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला ते खाली वाकले आणि नाडी बांधून झाल्यावरही बराच वेळ वर बघितलं नाही त्यांनी.