मधे दुभाषा नको

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांइतका कंपायलरवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. आमच्या अल मजाज वस्तीत तर नाहीच. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात पोलादी पत्रे कसे कापले म्हणजे कमी वाया जातील, याचे प्रोग्राम ते लिहितात, आणि तेही ऑफिसात दुसऱ्या कोणाला न येणाऱ्या एका फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत. मी शाळेच्या ग्रंथालयातला माणूस. मला त्यांनी समजावलं ते असं, की पुष्कळ भाषांत प्रोग्राम चालताना मधे एक दुभाषा बसतो आणि एकेक ओळ वाचून यंत्राला सांगतो. यांचा कंपायलर सगळं आधीच तपासून थेट यंत्राच्या मायबोलीत उतरवून ठेवतो. "मग दुभाष्याला सुट्टी." त्यांचा मॅनेजर दर महिन्याला विनवतो, "हबीबी, जो सब लोग यूज करते हैं वही करो ना, खलास." हे नम्रपणे "इन्शाल्ला" म्हणतात आणि पुन्हा आपल्याच भाषेत लिहायला बसतात.

हे तत्त्व त्यांनी संसारातही आणलं. इथे सगळे हिंदीवर भागवतात. यांना तीही दुभाष्यासारखी वाटते, म्हणून टॅक्सीवाल्याशी पश्तू, वॉचमनशी बंगाली. एकदा सलूनमध्ये मल्याळममधून केस बारीक करायला सांगायला गेले आणि मिशी घालवून आले. "निरोप थेट पोचला," ओठावरून बोट फिरवत ते म्हणाले, "मीच चुकीचा दिला." त्यांच्या कंपायलरला कोणत्या नावाखाली कोणत्या जातीची वस्तू आहे हे आधी कळावं लागतं, म्हणून घरातल्या डब्यांनाही चिठ्ठ्या. साखर संपल्यावर बायकोने त्या डब्यात मीठ भरून ठेवलं. यांनी चहा केला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"अहो, खारट लागत नाही का?"

"लागतो. पण डब्यावर साखर लिहिलंय, त्या अर्थी चूक जिभेची असणार."

मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट टेस्ट इट फर्स्ट."

माझी पत्नी गेली त्याला आता दीड वर्ष होईल. इमारतीतल्या रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम बायकांच्या बोलीतले शब्द ती जमवायची, आणि ते शोधायचा एक छोटा प्रोग्राम या गृहस्थांनी तिला करून दिला होता. ती गेल्यावर रोज सकाळी तिच्या लॅपटॉपवर मी एखादा शब्द उघडून वाचत असे. तेवढंच तिच्याशी बोलणं. मार्चमध्ये तो लॅपटॉप कायमचा बंद पडला. शब्द सुखरूप निघाले, पण नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालेना. मी घाबरून खाली गेलो.

"दादा, याची चिप वेगळ्या जातीची," ते म्हणाले, "म्हणजे मायबोलीच वेगळी. पुन्हा उतरवावं लागेल. मूळ लिखाण आहे माझ्याकडे."

शनिवारी सकाळी ते आमच्याकडे येऊन बसले. कंपायलर घातला, मूळ लिखाण उघडलं आणि एका ओळीपाशी थबकले. माझ्याकडे न बघता त्यांनी ती ओळ काढून टाकली. कंपायलरने लगेच अडवलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"एक शक्यता सोडलीत म्हणतो. शब्दाचा अर्थ नक्की नसेल तर काय दाखवायचं, ते सांगा म्हणतो."

"आधी काय होतं तिथे?"

"वहिनींना विचारा, असं होतं."

मला 'पाखाडी' आठवली. एकजण सांगायची, दगडी पायऱ्यांची वाट. दुसरी सांगायची, वाडी. खरं काय ते हिने नंतर ठरवायचं ठेवलं होतं.

"काहीतरी लिहावंच लागतं का?"

"लागतं. रिकामं तो ठेवू देत नाही." एरवी एवढं बोलणाऱ्या या माणसाने लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला. "तुम्ही सांगा, दादा. मला नाही सुचत."

मी त्या जागी लिहिलं: विचारायचं राहिलं.

त्यांनी वाचलं आणि कंपायलर चालवला. क्षणात झालं, एकही आक्षेप नाही. मग त्यांनीच 'पाखाडी' टाइप केलं. दोन्ही अर्थ आले, आणि त्यांच्याखाली माझी ओळ.

"चालतंय," ते म्हणाले, आणि उठायचं सोडून तिथेच बसून राहिले.