पाटोद्यातला कुवेती कॉम्प्युटर

बारावीच्या प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून मी पाटोद्याला गेले होते. काम लवकर आटोपलं, म्हणून परतीच्या वाटेवर एका फळांच्या दुकानात पपई घ्यायला थांबले. पपई काट्यावर ठेवली तर काट्याचे आकडे नुसते नाचायला लागले. दुकानदारानं काट्याला एक चापट मारली.

"मारू नका हो," मी म्हणाले. "खालचा स्क्रू ढिला झालाय." आणि पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढून तो आवळूनही टाकला.

पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर बाळगणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. "म्याडम, तुमी मशीनी दुरुस्त करता का?"

"जुने कॉम्प्युटर करते. लई जुने. घरातल्या टीव्हीला जोडून चालवायचे तसले."

हे मी जाईन तिथे सांगते. लोक हसतात, पण एखाद्या वेळी कुणाला तरी माळ्यावरचं काहीतरी आठवतं. बीडला माझ्या घरातली मागची खोली असल्या अकरा यंत्रांनी भरलेली आहे. शाळेत असताना एका विज्ञान प्रदर्शनात मी असा कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला. त्याच्यासमोर 'हात लावू नये' अशी पाटी होती आणि पाटीशेजारी छडी घेतलेले गुरुजी होते. नोकरी लागल्यावर भंगारात तसाच एक दिसला. घरी आणला आणि दिवसभर त्याला हात लावत बसले. मग ते वेड काही सुटलं नाही.

दुकानदार जरा विचारात पडला. "तसलं एक आमच्या कपाटावर हाय. अब्बांनी कुवेतहून आणलेलं. त्याच्या बटनांवर अरबी अक्षरं हायत."

"अरबी?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

घर दुकानाच्या मागेच होतं. दुकानदाराच्या आईनं (सगळे त्यांना खाला म्हणतात) आधी मला सरबत पाजलं, मग सुनेकडून कपाटावरचं गाठोडं खाली काढून घेतलं. चादरीची गाठ सुटली आणि मी पुढे सरसावले. काळा कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर, आणि प्रत्येक बटनावर दोन लिप्या शेजारी शेजारी. असं यंत्र मी फक्त फोटोत पाहिलं होतं.

"याचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते," खाला सांगायला लागल्या. "सुट्टीवर येताना लोक सोनं आणायचे, यांनी हे आणलं. दोन दिवस स्वतःच टकटक करत बसले. मला म्हणाले, उद्या तू लिही. तर दुसऱ्या दिवशी लाईट गेली, अन् आली ती अशी आली की याच्यातून धूरच निघाला. लई जणांना दाखवलं. कुणाला जमलं न्हाई."

"मला द्याल? मी प्रयत्न करते."

"घेऊन जा. पण चालू झालं तर एकदा इथं आणून दाखवायचं. माझी पाळी राहिलीय."

बीडमध्ये या वेडातले माझे एक साथीदार आहेत. टीव्हीचे जुने मेकॅनिक. मी त्यांना चाचा म्हणते. हल्ली टीव्ही दुरुस्तीला फारसं कुणी येत नाही, त्यामुळे माझी यंत्रं हेच त्यांचं मोठं गिऱ्हाईक. गाठोडं पाहून ते म्हणाले, "पुन्हा भंगार आणलं का म्याडम?" पण हात आधीच चष्म्याकडे गेला होता.

झाकण उघडलं. आत झुरळांची वसाहत, फुगलेले कंडेन्सर आणि काळा पडलेला फ्यूज. चाचांनी वीजपुरवठ्याचा भाग नव्यानं बांधला. मी सगळी बटनं काढून साबणाच्या पाण्यात घातली, आणि वाळल्यावर परत बसवताना रडकुंडीला आले, कारण अरबीतलं एकही अक्षर मला ओळखता येत नव्हतं. चाचांना उर्दू वाचता येतं आणि लिपी जवळपास तीच, म्हणून ते शेजारी बसून एकेक अक्षर सांगत होते. मी चुकीचं बटन उचललं की ते शाळामास्तरासारखं "उंहूं" करायचे.

सुरू केला तर पडदा काळाच. दर रविवारी आम्ही तो काळा पडदा बघायचो, चहा प्यायचो आणि घरी जायचो. एका रविवारी चाचांनी, तवा तापला का बघावं तसं, एकेका चिपला बोट लावत नेलं आणि एकदम हात झटकला. "हाय रे! ही जळतीय!"

मेमरीची चिप होती. तसलीच चिप माझ्या मागच्या खोलीतल्या एका मेलेल्या यंत्रात होती. मी स्कूटरवर गेले आणि आले. सिग्नल पाळला की नाही ते आठवत नाही. चिप बसवली, बटन दाबलं आणि चाचांच्या जुन्या डबा टीव्हीवर निळं आकाश उगवलं. त्यावर पांढरी अक्षरं. आम्ही दोघं, एक पन्नाशीची आणि एक पासष्टीचे, टाळ्या पिटत ओरडलो. समोरचा सायकलवाला धावत आला, त्याला वाटलं कुणाला शॉक बसला.

पाटोद्याला निघालो तेव्हा आंब्यांचे दिवस होते. नव्या टीव्हीवर चित्र नीट येत नव्हतं, म्हणून तो डबा टीव्हीही सोबत घेतला. गाडी मी चालवत होते. चाचा मागच्या सीटवर टीव्हीला मिठी मारून. प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज यायचा, "म्याडम, काच! काच!"

खालांना घरात नको होतं. "दुकानात लावा. सगळ्यांना दिसू दे." म्हणून आंब्यांच्या कॅरेटवर टीव्ही आणि गल्ल्याच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. पडदा निळा झाला. मी छोटासा प्रोग्राम लिहिला: जो शब्द देऊ, तो थांबवेपर्यंत छापत राहायचा. मग खुर्ची सोडून उठले. "खाला, बसा. तुमची पाळी."

त्यांनी पदराला हात पुसले. बोट हवेत फिरत राहिलं. "काय लिहू?"

"काहीही. समोर आहे ते लिहा," मी म्हणाले.

त्यांनी समोर पाहिलं, चष्मा सावरला आणि दोन बटनं दाबली. उर्दूत 'आम'. दोनच अक्षरं, पण ती उजवीकडून डावीकडे चालत आली आणि खाला पडद्याकडे पुढे वाकल्या. मी शेवटचं बटन दाखवलं. त्यांनी ते दाबलं.

आम आम आम आम. ओळीवर ओळ, पडदाभर, खालून वर पळत सुटले. खाला किंचाळल्याच. मग हसायला लागल्या, आणि ते हसू काही थांबेना. सून हसली, दुकानदार हसला, आंबे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं हसत हसत मोबाइल काढायला लागली. चपलांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "अबे, हे कुवेतचे आंबे हायत का पाटोद्याचे?" चाचा एवढे हसले की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. खाला मात्र पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय! मला वाटलं लई अवघड असंल."

तासाभरानं मी वायर गुंडाळायला घेतली. खालांनी माझं मनगट धरलं.

"कावून? कशापायी गुंडाळताय?"

"न्यायला. तुम्ही मला दिला होता ना."

"बंद होता तेव्हा दिलता. आता चालू हाय."

मी वायर सोडली. चाचांकडे पाहिलं तर ते आंबे निवडत होते. "अन् टीव्ही?" ते घाईघाईनं म्हणाले. "टीव्ही माझा हाय."

"टीव्हीशिवाय तो दिसंल का?" खालांनी विचारलं. चाचांनी आणखी दोन आंबे पिशवीत टाकले.

अख्ख्या खोलीतला सगळ्यात दुर्मिळ कॉम्प्युटर हातचा गेला, आणि मला रागच येईना. गाडी हलकी झाली होती, मागे काच नव्हती, मी जोरात चालवत होते. चाचा पुढच्या सीटवर आंबा चोखत म्हणाले, "म्याडम, पुढच्या वेळी दुरुस्त झालं तर सांगायचंच न्हाई." आणि आमचं हसू परत सुरू झालं. मांजरसुंब्यापर्यंत हसत होतो.

परवा खालांचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "बेटी, हे मशीन बिघडलं वाटतं. सून म्हणाली ते 'ओके' म्हणतंय. म्हणून मी पण तिच्याकडून 'ओके' लिहून घेतलं. तर टूं करून ओरडलं अन् चूक झाली म्हणालं. आपण त्याचंच बोलणं त्याला बोललो, तर चूक कशी?"

ते 'ओके' म्हणजे 'मी तयार आहे, काम सांगा', ते काही काम नव्हे, असं मी अर्धा तास समजावलं. त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर, फोन ठेवल्यावर मलाही पटेना.