रडणाऱ्या गावाचा चित्रपट

मंगळवारी दुपारी माझा भाऊ पूर्णा स्टेशनच्या जिन्यावर बसला आणि तिथेच वारला. त्याआधी रविवारी आम्ही भांडलो होतो.

भांडण चित्रपटावरून झालं. दादा रेल्वेत गार्ड होता, निवृत्त झाल्यावर पूर्णेतच राहिला. मी परभणीला ग्रंथपाल आहे आणि एका छोट्या मासिकात उत्तर कोरियाच्या चित्रपटांवर लिहितो. हे चित्रपट इंटरनेटवर सापडतात, खाली इंग्रजी ओळी असतात. रविवारी सकाळच्या गाडीने मी पूर्णेला जायचो, लॅपटॉप उघडायचो आणि दादासाठी त्या ओळी मराठीत मोठ्याने सांगायचो. तो त्यातल्या आगगाड्या बघायचा.

“लय भारी देश हाय बाबा. एक गाडी लेट न्हाई.”

“दादा, ती चित्रपटातली गाडी आहे.”

“आपल्या पूर्णेची चित्रपटात घेतली तरी लेटच येईल.”

त्या रविवारी पडद्यावर अख्खं गाव रडत होतं. नेता येऊन गेला होता आणि बाया त्याच्या मोटारीमागे छाती पिटत धावत होत्या. मी वहीत लिहिलं, ‘या चित्रपटातला एकही अश्रू खरा नाही.’ नेहमीप्रमाणे दादाला वाचून दाखवलं.

“खोड ते,” तो म्हणाला. “ठरवून रडलं म्हणून खोटं होतंय का?”

“त्यांना रडायला लावलंय.”

“तू कुणाच्या दारात गळ्यात पडून रडलास का कधी? मग तुला काय कळायलंय त्यातलं?”

मला राग आला. चित्रपट अर्धवट ठेवून मी लॅपटॉप मिटला. “जेवून तरी जा,” वहिनी म्हणाली. मी थांबलो नाही.

बुधवारपासून बाया भेटायला येऊ लागल्या. आमच्याकडे अशी बाई दारातच हेल काढते, मेलेल्याचे गुण आळवत घरच्या बाईच्या गळ्यात पडते. झरी गावची मावशी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सुनेवर कुरकुरत आली आणि उंबऱ्यावर तिचा आवाज फुटला, “माझ्या वाघा, कसा रं गेलास!” थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, “चहात साखर नको माय, मला शुगर हाय.”

वहिनी रडत नव्हती. भिंतीला टेकून बसली होती.

“रड गं माय,” मावशी म्हणाली.

मागून कुणीतरी पुटपुटलं, “दगडावानी बसलीय. लोक काय म्हनतील?”

मावशीने तिचं डोकं छातीशी ओढलं. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिनेही हेल काढला, मावशीच्याच सुरात, आणि मावशी थांबली तरी ती थांबली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यातलं बायांसाठी किती आणि दादासाठी किती, मला ओळखता आलं नाही. मी उठून अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वही उघडतो, दोन ओळी वाचतो, उठतो. संपादकांचा फोन येतो, लेख कधी देताय? दादाचं बरोबर होतं असं लिहून मोकळं होता येईल. तो गेल्यामुळे तर ते जास्तच सोपं झालंय. पण आमच्या अंगणात न रडणाऱ्या बाईला टोमणा मिळतो. उत्तर कोरियात तिला काय मिळतं, ते तिथले चित्रपट दाखवत नाहीत. हे दादाला सांगायला हवं होतं. त्याने काहीतरी उलट उत्तर दिलं असतं आणि मला लेख सुचला असता.

मागच्या रविवारी पूर्णेला गेलो. वहिनीने विचारलं, “भावजी, त्या बायांचं पुढं काय झालं?”

“बघितलं नाही अजून.”

“मग लावा की.”

लावला. ओळी मराठीत सांगू लागलो. तिने दादासारखं मध्ये अडवलं नाही. पडद्यावर आगगाडी आली तेव्हा मी वाचायचा थांबलो, आणि मग मला पुढे बसता आलं नाही.

वहीतलं अश्रूंचं ते वाक्य मी खोडलं आहे. त्या जागी दुसरं लिहिलेलं नाही. चित्रपटाची एकवीस मिनिटं शिल्लक आहेत.