नुरा ओळखणारा केरबा

केरबा तोलाईदाराला कुस्तीतलं सगळं कळत होतं, फक्त कुस्ती येत नव्हती. लहानपणी काही दिवस तालमीत गेला, कान सुजवून घरी आला आणि त्यानंतर जन्मभर मैदानात गेला तो कडेला बसायलाच. पण बसायचा मात्र असा, की आखाड्यातल्या पंचांनीसुद्धा एकदा त्याच्याकडे नजर टाकून मग निकाल द्यावा.

राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, काम गुळाच्या बाजारात. सकाळपासून काट्यावर गुळाचे ढेपेएवढे रवे चढवायचे, उतरवायचे. हात कामात, तोंड रिकामं. त्यामुळे बोलायचा. आणि काय बोलायचा ते अख्ख्या बाजाराला पाठ होतं. त्याच्या लेखी दुनियेत दोनच कुस्त्या: एक निकाली आणि दुसरी नुरा. निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत होते ती खरी कुस्ती. नुरा म्हणजे दोन पैलवान आधी आपसांत ठरवून घेतात, लोकांसमोर घाम गाळल्यासारखं करतात आणि शेवटी बरोबरीत सुटतात ती. नुरा ओळखण्यात केरबाचा हात धरणारा कोणी नव्हता. पैलवानांची खडाखडी, म्हणजे सुरुवातीचं हाताला हात भिडवून अजमावणं, चालू असतानाच तो शेंगांची टरफलं झाडत उठायचा आणि म्हणायचा, "चला रं, ही काय खरी न्हवं." आणि बहुतेक वेळा ती नसायचीही खरी. तिथंच घोटाळा झाला. माणूस चार वेळा बरोबर ठरला की पाचव्या वेळी तो डोळे उघडायचे कष्ट घेत नाही.

एकोणपन्नास साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. बाजारातली म्हातारी माणसं डोळे पुसत होती. केरबा काट्यावरनं ओरडला, "रडताय कशापायी? वरच्या वर ठरल्यालं हुतं सगळं. आपल्याला नुसती खडाखडी दाखवली." बावन्नची निवडणूक आली तेव्हा त्याचं मत तयारच होतं. "दिवसा एकमेकाच्या आया-भनी काढत्यात, आन् रातच्याला एका ताटात जेवत्यात. नुरा हाय." एकदा कोणाच्या तरी ओळखीनं सिनेमाचं शूटिंग बघून आला, तिथल्या तलवारी लाकडाच्या निघाल्या; मग तर विचारूच नका. लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी रडली तरी नुरा. बायको झुंबरबाई तापानं फणफणली, तर हा उंबऱ्यातनंच म्हणाला, "काय गं, नुरा करतीस व्हय?" ती तशीच उठली आणि चूल फुंकायला बसली.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. बाजार हसायचाही. पण गल्लीतल्या त्र्यंबक मास्तरांची गोष्ट मात्र मला आजही गमतीची वाटत नाही. अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला, गांधीजींच्या खुनानंतर, कोल्हापुरात बामणांची घरं पेटली त्यात मास्तरांचं घर गेलं. केरबानं स्वतः धुरात शिरून त्यांची ट्रंक बाहेर काढली, त्यांच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन रस्त्यावर आणलं. हात भाजला त्याचा. आणि तोच केरबा दुसऱ्या दिवशी हॉटेलात बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मास्तरांचं घर जळालं हे खरं. पर रडणं जरा जादाच. निम्मं नुरा हाय ते, भरपाईसाठी." मास्तर दारातच उभे होते. आत आले नाहीत. पुढं ते सांगलीला निघून गेले. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, केरबाच्या दारावरून मात्र खाली मान घालून गेले. माणूस वाईट नव्हता हो, जीभ वाईट होती. पण ज्याला ती लागली त्याला या फरकाचं काय करायचं होतं?

केरबाला मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण आक्का गडमुडशिंगीला दिलेली. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं आपला एकुलता एक जोतीराम भावाच्या हवाली केला. केरबानं त्याला तालमीत घातलं, स्वतः कोरडी भाकरी खाल्ली आणि त्याला दूध-बदाम घातले. झुंबरबाईनं त्याचे लंगोट धुतले, पाठ रगडली. पोरगा अंगानं भरला, स्वभावानं अबोल निघाला. मामा एवढा बोलायचा की भाच्याला बोलायची गरजच पडत नसावी. केरबा सगळ्या जगाला नुरा म्हणायचा, पण जोतीरामाचं नाव निघालं की त्याचा आवाज खाली यायचा. "आमचा जोत्या खोटं लढणार न्हाय. मरंल, पर खोटं लढणार न्हाय." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की पोराच्याही अंगात ते भिनलं होतं.

निवडणुकीनंतरच्या चैत्रात गडमुडशिंगीच्या शेजारच्या एका गावची जत्रा होती. तिथल्या मैदानात शेवटची मोठी कुस्ती जोतीराम आणि कृष्णात यांची ठरली. कृष्णात पलीकडच्या पेठेतला, पण दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. सकाळी निघण्याआधी हॉटेलात सयाजी भेटला. हा सयाजीही बाजारातलाच, केरबाइतकाच शौकीन, पण त्याचं कोणी ऐकत नसे, आणि ते त्याला सलत असे.

"काय केरबा," सयाजी सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "एका वस्तादाची दोन पोरं. कुस्ती बरोबरीत सुटणार बघ. मग आज भाच्याला नुरा म्हणणार का तोंडात गूळ धरून बसणार?"

हॉटेल खदखदून हसलं. केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा बाप जरी लढत असला, आन् कुस्ती नुरा निघाली, तर सगळ्यांच्या आधी मी वरडीन," तो म्हणाला. "लिहून घे."

लिहून घ्यायची गरज नव्हती. ऐकणारे सगळे मैदानात येणारच होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा जोड लागली. हलगी कडाडत होती, माणसं झाडावर चढून बसली होती. केरबा पुढच्या रांगेत, सयाजी मुद्दाम त्याच्या मांडीला मांडी लावून. सुरुवातीला जोतीरामानं चांगला पट काढला, पण कृष्णातानं तो मोडला आणि उलटून त्याला खाली घेतलं. मग बराच वेळ कृष्णात वर आणि जोतीराम खाली. कृष्णातानं मानेवर गुडघा ठेवून घुटना भरला. जोतीराम धडपडत सुटला, उभा राहिला. उभा राहिला तेव्हा त्याचा डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता.

त्यानं पंचांकडे बघून उजवा हात वर केला. म्हातारे पंच जवळ आले. कृष्णातच म्हणाला, "सोडवा वो, लागलंय त्याला." पंचांनी मान हलवली आणि कुस्ती बरोबरीत सुटल्याचं दाखवायला दोघांची मनगटं धरली.

केरबानं तो हात बघितला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यानं काहीही सांगितलं तरी खरं हेच आहे. आयुष्य मैदानाच्या कडेला घालवलेल्या माणसाला लोंबणारा हात कळत नाही असं होत नाही. तो अर्धवट उठलाही. पोराकडे धावायला उठला होता. तेवढ्यात सयाजीचं कोपर त्याच्या बरगडीला लागलं.

"काय केरबा?" सयाजी म्हणाला. एवढंच म्हणाला.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. सगळा बाजार आपल्याकडे बघतोय असं केरबाला वाटलं, आणि तो खरंच बघत होता. तो पूर्ण उभा राहिला. डोक्याचा फेटा काढून त्यानं मातीत आपटला आणि ओरडला, "नुरा हाय! सोडू नगासा! निकाली करा!"

मैदानानं आधी मामाकडे बघितलं. मग उसळलं. सख्खा मामाच म्हणतोय म्हटल्यावर शंका कोणाला उरणार? माणसं उठून आखाड्याकडे सरकायला लागली. नुरा, नुरा, निकाली करा, असा एकच गिल्ला. कोणी चपला भिरकावल्या. पंचांनी चारी बाजूंना बघितलं आणि धरलेली मनगटं सोडून दिली.

जोतीरामानं मामाच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं. त्या गर्दीतही त्याला मामा बरोबर सापडला. मग खाली वाकून त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली आणि परत खडाखडीला उभा राहिला.

कृष्णाताचाही नाइलाज होता. हलक्या हातानं लढला असता तर लोकांनी दोघांनाही मारलं असतं. त्यानं जोतीरामाला खांद्यावर घेतला आणि टाकला. पडताना पैलवान हात टेकतो. जोतीरामाचा डावा हात टेकलाच नाही. तो मानेवर पडला. हलगीवाल्याला काही कळलं नव्हतं, तो वाजवतच राहिला. मग लोकांचे चेहरे बघून त्याचाही हात थांबला.

मानेच्या खाली आता काही चालणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. आक्कानं पोराला गडमुडशिंगीला नेलं. बैलगाडीत गवत पसरून त्यावर वाकळ घातली होती. गाडी सुटायच्या आधी तिनं भावाला एकच विचारलं.

"तू का वरडलास रं?"

केरबाला तेव्हा खरं बोलता आलं असतं. आक्कानं त्याला पायताणानं बडवलं असतं, कदाचित जन्मभर तोंड बघितलं नसतं. पण पोराची अब्रू राहिली असती. केरबा खाली बघत म्हणाला, "मला नुराच वाटली, आक्का."

आणि केरबाला वाटली म्हणजे ती होतीच, असं बाजारानं धरून टाकलं. लोकांना हळहळ वाटली नाही असं नाही. पण हळहळून झाल्यावर ते म्हणायचे, "पर खोटं लढायला नगो हुतं पोरानं. देवाच्या जत्रंत खोटं लढला, देवानं बघितलं." कृष्णात शपथा घेऊन सांगायचा, पण त्याचं कोण ऐकणार? तो तर त्या खोटेपणातला भागीदार.

केरबाचं बोलणं बंद झालं. भाषावार राज्याच्या सभा व्हायला लागल्या, पोरं विचारायची, "केरबादा, मुंबई मिळंल का न्हाय?" तो रवा काट्यावर ठेवून म्हणायचा, "मला काय कळतंय?" दर रविवारी चालत गडमुडशिंगीला जायचा, जोतीरामाच्या पायांना तेल चोळायचा. त्या पायांना कळत नव्हतं, तरी चोळायचा. जोतीराम तालमीतल्या पोरांची चौकशी करायचा. त्या दिवसाबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही, आणि मामानंही नाही. झुंबरबाई एकदा म्हणाली, "त्येच्याशी तरी खरं बोला." याचा अर्थ तिला सगळं ठाऊक होतं. केरबा भिंतीकडे तोंड करून झोपला.

वर्षानं पुन्हा चैत्र आला. जोतीराम म्हणाला, "मला कुस्त्या बघायच्या." आक्का नको म्हणाली. पण त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं. मग चौघांनी बाजेवर घालून त्याला मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं. अंगाचं चिपाड झालेलं, दाढी वाढलेली. गेल्या वर्षी याला डोक्यावर घेणाऱ्यांनीही ओळखलं नाही. उशाशी केरबा बसला.

शेवटची कुस्ती रेंगाळली आणि बरोबरीत सुटली. बाजेला टेकून कबनूरचा एक मागवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, उभा होता. वीस-बावीस वर्षांचा, हसऱ्या चेहऱ्याचा. तो तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत ओरडला, "नुरा! नुरा!" मग केरबाकडे वळून म्हणाला, "पावणं, गेल्या साली तुमी हुतासा का हितं? हितंच एक गडी असाच नुरा लढाय गेला आन् मान मोडून बसला."

केरबानं नजर आखाड्याकडे वळवली.

"तुमाला खोटं वाटतंय व्हय?" तो मागवाला म्हणाला. "आवो, त्येचा सख्खा मामा उठून वरडला, नुरा हाय म्हणून. आता मामा कशाला खोटं बोलंल?"

बाजेवर जोतीरामानं डोळे वळवले. मान वळत नव्हती, नुसते डोळे. ते केरबाच्या तोंडावर येऊन थांबले. त्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तो वाट बघत होता. हात लोंबताना मी बघितला होता, एवढंच केरबानं म्हणायचं होतं, आणि ऐकायला मैदानही नव्हतं, एक परका माणूस होता फक्त. राजापासून नवरीपर्यंत प्रत्येकावर ज्यानं मत दिलं होतं, त्या केरबाचे ओठ नुसते हलले.  त्यानं खाली बघितलं आणि वाकळेचं टोक उगाच सारखं केलं.

जोतीरामानं मग डोळे वर लिंबाकडे नेले आणि मागवाल्याला म्हणाला, "बरोबर हाय, पावणं. मामा कशाला खोटं बोलंल?"

मागवाला खूश झाला. त्यानं खिशातनं मूठभर शेंगा काढल्या आणि केरबाच्या हातावर ठेवल्या.