शेवटच्या मजल्यावरचं दार

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. म्हणजे करायचे, आता गुडघ्यांमुळे फक्त ओळखीच्या दुकानांत जातात. वजनांची पेटी घेऊन शिरायचं, काटा तपासायचा, आणि दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी चहाला थांबायचं नाही, असा त्यांचा खाक्या. चहा प्यायला की काटा दुकानदाराच्या बाजूने झुकतो म्हणे. असा माणूस उमेदीच्या वयात चोरीचे व्हिडिओ गेम बनवायचा, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

लग्नाआधीपासून ते एका वर्कशॉपमध्ये होते. गॅरेजच्या मागे पत्र्याची लांबलचक खोली, त्यात टीव्हीला जोडायचे खेळाचे डबे तयार व्हायचे. दिसायला परदेशी कंपनीच्या डब्यासारखे, किमतीला अगदी स्वस्त. प्लॅस्टिकची कवचं पोत्यांतून यायची, एका टेबलावर बायका सोल्डरिंग करायच्या, दुसऱ्यावर स्क्रू पिळले जायचे. डब्यात वरून खोचायची ती कॅसेट. शिकलेले लोक तिला कार्ट्रिज म्हणतात, पण घरोघरी ती कॅसेटच होती. तिच्यावर नऊशे नव्व्याण्णव खेळ छापलेले असायचे आणि आत जेमतेम बारा. बाकीचे तेच, नावं बदलून. काटा मारणाऱ्या दुकानदारांवर हे चिडले की मी ह्यांना त्या नऊशे नव्व्याण्णवची आठवण करून देते. मग घरात जरा शांतता असते.

मालकांना एकदा वाटलं, आपला स्वतःचा गेम हवा. स्वतःचा म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी घेऊन चित्रं बदललेला. चिपमध्ये खेळ भरायचं काम ह्यांना येत होतं, म्हणून ते ह्यांच्या गळ्यात पडलं. ह्यांनी एक टोपीवाला काढला. तो मनोरा चढतो, वरून कुंड्या पडतात, त्या चुकवत मजल्यामागून मजला वर जातो, आणि शेवटच्या मजल्यावर एक दार असतं. त्याची किल्ली आधीच्या एका खोलीत शोधायची. झकास खेळ होता. मी नवऱ्याचं कौतुक सहसा करत नाही, पण होता.

सगळं झाल्यावर मालक म्हणाले, पहिल्या पडद्यावर माझं नाव पाहिजे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि भोवती चांदण्या. चिपमध्ये सुईच्या अग्राएवढीही जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. ह्यांनी घाईघाईने एक बिनकामाची वाटलेली खोली काढून टाकली आणि मालकांचं नाव बसवलं. तपासणी ठरल्याप्रमाणे झाली: कॅसेट खोचायची, नाव दिसलं, सूर वाजला, की पास. मनोरा शेवटपर्यंत चढून बघायला वेळ कोणाला होता? माल गेला, हातोहात खपला, पुन्हा भरला, पुन्हा खपला.

किल्ली त्या काढलेल्या खोलीत होती.

हे उघड झालं ते माझ्यामुळे. लग्न होऊन आले तेव्हा सासरी माझी कोणाशी ओळख नव्हती, आणि हे कामावर गेले की दुपारी मी तो खेळ खेळत बसायचे. शेवटच्या मजल्यावर पोचले आणि तिथेच घोडं अडलं. रोज चढायचे, रोज दारापाशी थांबायचे. खालचे सगळे मजले पिंजून काढले. शेवटी एकदा ह्यांना म्हटलं, जाऊ द्या, माझ्या डोक्यात हे शिरणारं नाही, माहेरी मला ढ म्हणायचे ते काही उगाच नाही. हे हसतील असं वाटलं होतं. ते उठले, मनोरा खालपासून वरपर्यंत स्वतः चढले, आणि दारासमोर त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, दार उघडत नाही ना, मग बरंच आहे की, पोरं खेळत बसतील. हे घरी आले ते नोकरी सोडूनच. पुढे काट्यांचं काम शिकले, त्यात नाव कमावलं, मुली शिकवल्या. पण ते दार काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. कधी मधेच, जेवताना, म्हणायचे, किती पोरांना वाटलं असेल की आपल्यालाच जमत नाही. मी म्हणायचे, ती पोरं आता पोराबाळांची झाली, विसरली असतील. पालथ्या घड्यावर पाणी.

मग गेल्या वर्षी एक गृहस्थ दारात उभे राहिले. चष्म्याच्या दुकानाचे मालक, सभ्य माणूस, हातात ती कॅसेट. ह्यांचा पत्ता त्यांना आमच्या जुन्या मालकांच्या मुलाने दिला होता. चोराच्या मनात चांदणं. ह्यांना वाटलं, परदेशी कंपनीने इतक्या वर्षांनी माणूस धाडला. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी मीच सांगितलं, हो, ह्यांचंच काम आहे ते. तर चष्मेवाल्यांनी वाकून नमस्कारच केला.

त्यांची मंडळी होती जुन्या खेळांच्या नादाची. रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत जमायची. आम्ही गेलो तर तिथे मागे पोट सुटलेले जुने टीव्ही ओळीने मांडलेले, कारण नव्या टीव्हीवर चित्र खरं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. पिवळे पडलेले डबे, वायरींची गुंतवळ, आणि चाळिशीपलीकडची माणसं कापसाच्या बोळ्याने कॅसेटी पुसत बसलेली. ह्यांच्या दाराबद्दल त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला होता. एक म्हणे, कोपऱ्यात सात उड्या मारल्या की उघडतं. एका प्राध्यापकांचं मत होतं की दार मुद्दामच बंद ठेवलंय. माणसाच्या धडपडीवर ते भाष्य आहे. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

हे म्हणाले, जागा पुरली नाही.

प्राध्यापक अजून सावरले नसावेत.

मग ह्यांनी आपलं मागणं मांडलं: मला ती किल्ली परत घालू द्या. आणि ती सगळी प्रेमळ माणसं एकदम ताठ झाली. जुन्या खेळांच्या नकला ते जपून ठेवतात, जगभर जिथे कुठे असे नादिष्ट असतील त्यांना पाठवतात, आणि त्यांचा नियम एकच: मूळ जसं होतं तसंच राहिलं पाहिजे, चुकीसकट. चष्मेवाले समजावू लागले की चूक हाच तर इतिहास आहे, हे दारच तुमच्या खेळाची ओळख आहे.

आमचे हे कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तुमच्यासाठी इतिहास असेल. ज्या पोराने अख्खी सुट्टी त्या दारापाशी घालवली, त्याच्यासाठी तो त्याचा ढपणा आहे. तो पुसायचा राहिलाय."

त्याने नियम मात्र हलला नाही. अखेर चष्मेवाल्यांनी तोड काढली: दुरुस्त केलेला खेळ वेगळा ठेवू, मुळाच्या शेजारी. करून आणा, सगळ्यांना कळवतो, ज्यांनी लहानपणी खेळलाय त्यांनी यावं. ह्यांना ते अर्धंमुर्धं वाटलं. तरी घरी येऊन कामाला लागले. जेवणाच्या टेबलावर त्यांचं बस्तान बसलं, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. मालकांचं नाव बारीक करून एका कोपऱ्यात सारलं, चांदण्या पुसल्या आणि खोली परत घातली. मला विचाराल तर चांदण्या पुसताना त्यांना फार आनंद झाला.

त्या रविवारी बरीच माणसं आली. बहुतेकांनी पाठ थोपटली, फोटो काढले. एक बाई मात्र शेवटी आली, बस चालवते, गणवेशातच होती, ड्यूटी संपवून थेट. कोणाशी न बोलता तिने कंट्रोलर उचलला आणि चढायला लागली. कुंडी कुठून पडणार हे तिला पडायच्या आधीच ठाऊक होतं. खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता, ती बोलू लागली. म्हणाली, आमच्याकडे ही एकच कॅसेट होती. मी दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. बाबा म्हणायचे, ही पोरगी हातात घेतलेलं काही तडीस नेत नाही. पुढे शिक्षण सुटलं तेव्हाही त्यांनी त्या दाराचंच उदाहरण दिलं. अजूनही देतात.

हे तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "त्यात किल्लीच नव्हती," ते म्हणाले. "मी घातली नव्हती. चूक माझी, तुमची नाही."

तिचा हात थांबला. कुंडी पडून टोपीवाला मेला. तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी नव्याने घातलेल्या खोलीत शिरली, किल्ली उचलली, आणि दारापाशी आली.

दार उघडलं. आत काय आहे हे मलाही माहीत नव्हतं; इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं, ह्यांनी सांगितलं नव्हतं. काळा पडदा, मधोमध टोपीवाला, आणि वर ठोकळे जुळवून लिहिलेला एकच शब्द: शाबास.

"हे पहिल्यापासून होतं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून. पोचत कोणी नव्हतं."

मला रडू आलं. प्राध्यापकही चष्मा पुसत होते. बाईने तिथूनच वडिलांना फोन लावला. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येत असावं, कारण तिला तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं, दर वेळी आणखी मोठ्याने: "बाबा, किल्लीच नव्हती. अहो, किल्लीच नव्हती त्यात." पलीकडून काय उत्तर येत होतं कोण जाणे, पण तिचा आवाज कापायला लागला.

तेव्हा ह्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "द्या इकडे. मी सांगतो त्यांना."