बसून न येणारा पाढा

आता हसू येतं, पण तेव्हा माझी शिकायची वाटच बंद व्हायला आली होती. नेकनूर माझं सासर. निजामाचं राज्य, सरकारी शाळेत सगळं उर्दू, म्हणून मराठी पाढे एक गुरुजी देवळात शिकवायचे. माझी नणंद तिथं जायची. सात वर्षांची होती, पण नणंद ती नणंद; मी तिला वन्संच म्हणायची. ती घरी आली की तिच्या पाटीवरचं बघून बघून मी अक्षरं गिरवायची. दुसरी शाळा मला कुठली?

एक दिवस गुरुजी मामंजींना म्हणाले, "वरीस झालं, पोरीला तीनचा पाढा येईना. सोमवारी एकदा ऐकतो. न्हाई आला तर घरीच ठेवा." तिची पाटी गेली म्हणजे माझीही गेली.

पाटीपुढं बसली की वन्सं मुकी, पण लंगडीत सगळ्या आळीला हरवायची. मग दुपारी माणसं शेतात गेली की आम्ही दोघी रिकाम्या खळ्यावर. मी राखेनं घरं आखली. दोन घरं लंगडी घालायची, तिसऱ्यात दोन्ही पाय टेकून आकडा सांगायचा. चुकलं की पुन्हा पहिल्या घरात. मीही लुगडं खोचून तिच्यामागं उड्या मारायची. रविवारपर्यंत पोरगी तीन दाहे तीसला पोचली.

सोमवारी मी घागर घेऊन देवळामागच्या आडावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"म्हण," गुरुजी म्हणाले. वन्सं गप्प.

"म्हण गं बाई."

तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. पाढा मी तिच्या पायात घातला होता, बसून एकदाही म्हणून घेतला नव्हता.

"गुरुजी, उठू का?"

"कावून?"

"बसून येत न्हाई."

पोरं खिदळली. गुरुजी तसे मायाळू. "ऊठ, तेबी बघू," म्हणाले.

मग फरशीवर थप, थप, धप. तीन एके तीन. थप, थप, धप. तीन दुणे सहा. मी पोहरा आडात तसाच सोडून तीसपर्यंत ऐकत राहिले.

"कुणी शिकवलं गं?" हा मामंजींचा आवाज. तेही ऐकायला येऊन बसलेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

"वैनीनं. लुगडं खोचून."

घरी कशी आले ते मलाच ठाऊक. मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. रात्री ताटावर बसल्यावर सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला इचारा, चारचा कधी लावणार हाय? सुगीला खळं लागंल म्हणावं, त्याच्या आत उरकून घ्या."